टपालपेटी पश्चिमेच्या भिंतीवर नको! उन्हाच्या तालुक्यांत पत्राच्या पेटीची जागा कशी ठरवायची

पुणे : माणसं पुण्यात, घर गावाला आणि फाटकावर पत्र्याची टपालपेटी. बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर, पुरंदर या तालुक्यांत अशी घरं गावागणिक सापडतील. मुलं नोकरीसाठी हडपसर-चिंचवडला गेलेली, आई-वडील कधी इकडे तर कधी तिकडे. आधार, सातबारा, बँक, सोसायटी, विमा या सगळ्यावर पत्ता मात्र गावाकडचाच. त्यामुळे टपाल गावालाच येतं आणि घराला कुलूप असलं की ते फाटकावरच्या पेटीत पडतं. एप्रिल-मे महिन्यांत या पेटीवर दिवसभर ऊन असतं. पंधरा दिवसांनी कुणी पेटी उघडली की कधी काळी पडलेली पावती हाती येते, कधी वाकलेलं कार्ड, तर कधी डिंक सुटलेलं रिकामं पाकीट. पोस्टमनने टाकलेली चिठ्ठी तर वाऱ्याने उडूनही गेलेली असते.

पेटी बसवताना बहुतेक जण एवढंच पाहतात की ती रस्त्यावरून दिसली पाहिजे. मग गवंडी किंवा फॅब्रिकेशनवाला सोयीची जागा बघतो आणि दोन स्क्रू मारून मोकळा होतो. पण पूर्व भागातल्या तालुक्यांत पेटी कोणत्या दिशेच्या भिंतीवर आहे यावर आतल्या कागदांचं बरंच काही अवलंबून असतं. चांगल्या जागेला वेगळा खर्चही येत नाही.

जिल्हा एक, हवामानं दोन

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्री आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि तिथून शंभर-दीडशे किलोमीटर पूर्वेला बारामती-इंदापूरकडे तो पाचशेच्या आसपास येतो. मावळ, मुळशी, वेल्ह्यात पेटीचा शत्रू गंज. तिथे उन्हाची फार चिंता करायचं कारण नाही, छप्पर आणि रंग नीट असला की भागतं. पूर्वेकडचा पट्टा पर्जन्यछायेतला. हे काही राजस्थानसारखं वाळवंट नाही, पण मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कोरडी हवा, निरभ्र आभाळ, धूळ आणि तापलेल्या भिंती हे सगळं वाळवंटासारखंच असतं.

आखाती देशांत गेलेल्या मराठी कुटुंबांना एक गोष्ट माहीत असेल. तिथे अनेक वर्षं घरोघर टपाल देण्याची पद्धतच नव्हती. पत्त्यात गल्ली आणि घर क्रमांकाऐवजी पोस्ट बॉक्सचा क्रमांक, आणि पत्र आणायला पोस्टात जायचं. त्यामागे उन्हापेक्षा पत्त्यांची व्यवस्था हे मोठं कारण होतं, पण त्यामुळे पत्र सावलीत राहिलं हेही खरं. आपल्याकडे पोस्टमन दारापर्यंत येतो, म्हणून सावलीची सोय आपल्यालाच करावी लागते.

पेटीत येतं काय, आणि बिघडतं काय

साध्या कागदाला उन्हाने लगेच काही होत नाही. पत्र, मासिक, लग्नपत्रिका तापलेल्या पेटीत आठवडाभर राहिली तरी वाचता येतात. कागद कडक होतो, पिवळा पडायला वेळ लागतो. पेटी तापली म्हणजे सगळं टपाल जळालं, असं समजून घाबरायचं कारण नाही.

खरी अडचण येते ती कागद नसलेल्या किंवा कागदासारख्या दिसणाऱ्या वस्तूंची. पहिली वस्तू म्हणजे थर्मल कागद. स्पीड पोस्टची पावती, एटीएमची स्लिप, वजनकाट्याची चिठ्ठी, दुकानाचं बिल असल्या कागदावर छापलेलं असतं. यात शाई नसतेच. कागदावर एक लेप असतो आणि छपाईयंत्राच्या उष्णतेने तो काळा होतो. म्हणजे उष्णता हीच त्याची शाई. साठ-सत्तर अंशांच्या पुढे पेटी तापली तर सगळा कागदच करडा-काळा व्हायला लागतो आणि त्यावरचा नंबर वाचता येत नाही. त्याहून कमी उष्णतेत बराच काळ राहिला तर अक्षरं फिकी पडतात. कुणी बिल, भरणा पावती किंवा वजनाची चिठ्ठी टपालाने पाठवली असेल तर ती अशी जाते. म्हणून स्पीड पोस्टची पावती हातात आली की त्याच दिवशी तिचा फोटो किंवा झेरॉक्स काढून ठेवावी. पेटीत असो वा पाकिटात, ती टिकाऊ नाहीच.

दुसरी वस्तू प्लास्टिकची कार्डं. ही बहुधा पीव्हीसीची असतात. साठ-सत्तर अंशांच्या पुढे पीव्हीसी मऊ पडू लागतं. कार्ड पेटीत तिरकं अडकलेलं असेल आणि वर मासिकाचं ओझं असेल तर ते वाकतं आणि गार झाल्यावर तसंच राहतं. वाकलेलं कार्ड यंत्रात जात नाही.

तिसरी आणि सगळ्यात जपायची वस्तू म्हणजे औषधं. पुण्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळ्यांची पाकिटं आता कुरियरने गावाला येतात. वेष्टनावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की पंचवीस किंवा तीस अंशांच्या खाली ठेवा. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत दुपारभर ठेवलेली गोळी वरून तशीच दिसते, पण तिची ताकद किती उरली हे पाहून कळत नाही. कॅप्सूल एकमेकांना चिकटल्या तर निदान शंका तरी येते. इन्सुलिनसारखं थंड ठेवायचं औषध पेटीत टाकायला कधीच सांगू नये. कुरियरवाल्याचा फोन आला आणि ‘घरी कुणी नाही, पेटीत टाका’ असं सवयीने सांगितलं जातं. त्याऐवजी शेजाऱ्याचं किंवा किराणा दुकानाचं नाव सांगावं. भाजीपाल्याच्या बियाण्याची छोटी पाकिटं टपालाने मागवणाऱ्यांनीही हेच करावं, कारण उष्णतेने उगवण मार खाते आणि नंतर दोष बियाणं विकणाऱ्याला दिला जातो.

चिठ्ठीचं मोल सात दिवसांचं

याहून महत्त्वाचा एक कागद पेटीत येतो, आणि दिसायला तो सगळ्यात फालतू असतो. सहीने द्यायचं टपाल पोस्टमन पेटीत टाकत नाही. घर बंद असेल तर तो सूचनेची चिठ्ठी ठेवतो, आणि ते टपाल पोस्टात साधारण सात दिवस थांबतं. त्या मुदतीत कुणी गेलं नाही तर पाकिटावर ‘मागणी केली नाही’ असा शेरा मारून ते पाठवणाऱ्याकडे परत जातं. १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. गावात अजून लोक ‘रजिस्टर आलंय’ असंच म्हणतात, पण पाकिटावर आता स्पीड पोस्ट दिसतं. घर बंद असल्यावर चिठ्ठीचा प्रश्न तसाच आहे.

ही चिठ्ठी कशाची असू शकते? चेक वटला नाही म्हणून आलेली ‘एकशे अडतीसची नोटीस’ असू शकते. ती मिळाल्यापासून पैसे भरायला पंधरा दिवस असतात. वाटणीच्या किंवा खरेदीच्या फेरफाराची नोटीस असू शकते, आणि तिथेही हरकत घ्यायला पंधरा दिवस. बँकेची, न्यायालयाची, भूसंपादनाची नोटीसही अशीच येते. ‘आम्हाला काही मिळालंच नाही’ हे सांगून दर वेळी सुटका होत नाही. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट १८९७ च्या कलम २७ प्रमाणे योग्य पत्त्यावर, पूर्ण तिकीट लावून, रजिस्टर टपालाने पाठवलेला कागद पोचला असं गृहीत धरलं जातं. उलट सिद्ध करायची जबाबदारी ‘मिळालं नाही’ म्हणणाऱ्यावर येते. चेकच्या प्रकरणांत हे गृहीतक लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मधील एका निकालात स्पष्ट केलं आहे. पत्ता बरोबर, पोस्टमन येऊन गेलेला, आणि चिठ्ठी मात्र वावटळीत उसाच्या फडात गेलेली, अशा वेळी घरमालकाची बाजू लंगडी पडते.

त्यामुळे पेटी थंड हवी, तशीच तिच्यातून हलका कागद बाहेर पडता कामा नये. दुपारी तापलेल्या रानातून भोवरे उठतात तेव्हा उघड्या तोंडाच्या पेटीतून चिठ्ठी सहज उचलली जाते. तोंडाला बिजागरीची झडप असावी आणि पेटीचा तळ तोंडापासून निदान वीतभर खाली असावा.

सूर्य कुठून येतो ते आधी बघा

घर बांधताना दिशा पाहणारी माणसं पेटी लावताना ती बघत नाहीत. इथे वास्तुशास्त्राचा संबंध नाही, सावलीचा आहे.

पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. १३ मेच्या सुमारास पुण्यात शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच नाहीशी होते. बारामती-इंदापूरला हा दिवस एखाद-दोन दिवस आधी येतो, जुन्नर-आंबेगावला दोन-तीन दिवस नंतर. तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो.

याचा पेटीशी संबंध असा. कडक उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळपास माथ्यावर असल्याने उभ्या दक्षिण भिंतीवर ऊन फार तिरकं, घासून जाणारं पडतं. वर दीड फुटाचा छज्जा असला तर एप्रिल-मेच्या दुपारी ती भिंत बहुतेक सावलीतच राहते. म्हणजे ‘दक्षिणेची भिंत सगळ्यात तापते’ ही समजूत हिवाळ्यापुरती खरी आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली झुकतो तेव्हा ती भिंत दिवसभर ऊन खाते, पण तेव्हा हवाच गार असते. ऑक्टोबरच्या तापीतही छज्जाखाली दोन-अडीच फुटांच्या आत पेटी असली तर तिला सावली मिळते.

खरी वाईट भिंत पश्चिमेची. मे महिन्यात दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे चाळीस अंशांवर असतो. तेव्हा तोच दीड फुटाचा छज्जा पश्चिमेच्या भिंतीवर जेमतेम सव्वा फूट सावली टाकतो, आणि पाच वाजता पाऊण फूट. चार फुटांवरची पेटी पूर्ण उन्हात. त्यात हवेचं तापमानही दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सर्वाधिक असतं. सकाळपासून तापलेली हवा आणि समोरून येणारं ऊन दोन्ही एकाच वेळी पेटीला लागतं. भिंत काळ्या दगडाची असेल तर आणखी पंचाईत, कारण ती सूर्य मावळल्यावरही मागून पेटीला शेकत राहते. जुन्या वाड्यांच्या भिंतीला रात्री नऊला हात लावला तरी हे कळतं.

पूर्वेच्या भिंतीला सकाळचं ऊन लागतं, पण तेव्हा हवा अजून तापलेली नसते आणि बारानंतर ती भिंत सावलीत जाते. उत्तरेच्या भिंतीला उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी थोडं तिरपं ऊन मिळतं, त्याने फारसं बिघडत नाही. म्हणून क्रम असा लावता येईल : आधी ओसरी किंवा पडवीच्या आतली कुठलीही जागा, मग उत्तर, मग पूर्व, मग छज्जाखालची दक्षिण. पश्चिम शेवटी, आणि उघड्यावर फाटकाच्या खांबावर तर नकोच. फाटक पश्चिमेलाच असेल आणि पर्याय नसेल तर पेटी खांबाच्या बाहेरच्या तोंडावर न लावता उत्तरेच्या अंगाला लावावी. खांबाची जाडी दुपारनंतर तेवढी आडोशाला येते.

हे सगळं कागदावर करण्यापेक्षा सोपा उपाय आहे. मे महिन्यातल्या एका दिवशी एक, तीन आणि पाच वाजता घराबाहेर यावं आणि सावली कुठे आहे तिथे खडूने खूण करावी. तिन्ही खुणा जिथे जुळतात ती पेटीची जागा. डिसेंबरात केलेल्या खुणांचा उपयोग नाही, तेव्हाची सावली वेगळीच असते. लिंबाच्या झाडाखालची सावलीसुद्धा अशीच तपासावी. सकाळी गर्द वाटणारी सावली चार वाजता दहा फूट सरकलेली असते.

पुण्यातली पांढरी पेटी

उन्हात ठेवूनही आत न तापणारी पेटी कशी करायची, याचं उत्तर पुण्यात शिवाजीनगरला शंभर वर्षांपासून उभं आहे. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात आणि चौकालाही तेच नाव पडलं आहे. हवामान केंद्रांवर तापमापक ठेवायला लाकडी पांढरी पेटी वापरतात. थॉमस स्टीव्हनसन या स्कॉटिश अभियंत्याच्या नावाने ती ओळखली जाते.

या पेटीचं काम एकच : हवा आत खेळू द्यायची, पण ऊन आत येऊ द्यायचं नाही. त्यासाठी ती पांढऱ्या रंगाची असते. भिंती झिलमिलीच्या आणि दुहेरी असतात. छप्परही दुहेरी, मध्ये मोकळी जागा. जमिनीपासून साधारण चार फूट उंच, कारण तापलेल्या जमिनीची धग खाली जास्त असते. आणि आपल्याकडे, म्हणजे उत्तर गोलार्धात, तिचं दार उत्तरेकडे उघडतं, म्हणजे उघडल्यावर ऊन सरळ तापमापकावर पडत नाही.

बातम्यांत ‘आज तापमान ४१ अंश’ असं येतं ते या सावलीतल्या हवेचं. त्याच वेळी उन्हात असलेला काळपट पत्रा साठीच्या पुढे सहज जातो. मोटारसायकलची सीट किंवा टाकीवर दुपारी हात ठेवणाऱ्याला आकडा सांगायची गरज नाही. ४१ वाचून ‘एवढ्यात काय बिघडतंय’ असं म्हणणारा तिथेच चुकतो.

फॅब्रिकेशनवाल्याला काय सांगायचं

टपालपेटीला झिलमिली लावून तापमापकाची पेटी करायची गरज नाही. त्यातल्या दोन-तीन गोष्टी उचलल्या तरी पुरे.

सगळ्यात जास्त फरक छपराने पडतो. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर असल्याने पेटीच्या वरच्या पत्र्यावरच सगळ्यात जास्त ऊन पडतं. त्या पत्र्याच्या वर अर्धा-पाऊण इंच जागा सोडून दुसरा पत्रा बसवायला सांगावं, पुढे आणि बाजूंना दोन इंच बाहेर आलेला. ऊन वरचा पत्रा खातो, मधल्या फटीतून हवा जाते, आतला पत्रा वाचतो. वळवाची सर कोणत्या बाजूने येईल हे सांगता येत नाही, तेव्हा बाहेर आलेला पत्रा पावसातही कामाला येतो. वरचा पत्रा किंचित उतरता ठेवला की पाणी साचत नाही.

मग रंग. नवा कोरा जस्ती पत्रा चकचकीत असतो म्हणून तो तापत नसेल असं वाटतं. तसं नाही. तो ऊन थोडंफार परतवतो, पण एकदा तापला की आतली उष्णता बाहेर सोडायला तो आळशी. त्यावर पांढरा ऑइल पेंट मारला की फरक हाताला कळतो. काळा, चॉकलेटी, गडद हिरवा हे रंग फाटकाला शोभतात, पेटीला नकोत. फाटकाच्या रंगाशी जुळवायचाच हट्ट असेल तर निदान वरचं छप्पर पांढरं ठेवावं.

पाठीमागे भिंतीशी पेटी चिकटवू नये. चार कोपऱ्यांत अर्ध्या इंचाचे लाकडी गुटके ठेवून स्क्रू मारावेत. तापलेली भिंत आणि पेटी यांच्यात हवा राहते. तळाला चार-सहा भोकं आणि मागच्या बाजूला छपराखाली तेवढीच भोकं असली की गरम हवा वर निघून जाते आणि खालून नवी येते. समोर भोकं पाडली तर पावसाचं पाणी आत येतं.

भोकांना डासांची जाळी लावायला विसरू नये. सावलीत, हवेशीर, कोरडी पेटी जशी कागदाला चांगली तशी ती गांधीलमाशीलाही आवडते. पाली, मुंग्या, क्वचित चिमणीचं घरटं हे सगळं सावलीतल्या पेटीतच सापडतं, तापलेल्या पेटीत नाही. पोस्टमनचा हात आधी आत जातो आणि डंख त्याला बसतो. अशा घराला नंतर पत्र पेटीऐवजी उंबऱ्यावर मिळू लागलं तर त्याला बोल लावता येत नाही.

लाकडी पेटी पत्र्यापेक्षा कमी तापते हे खरं. जुन्या वाड्यांच्या दिंडी दरवाजाला आतून लावलेली लाकडी पेटी आणि फळीत कापलेली फट ही सर्वात उत्तम व्यवस्था होती. पत्र बाहेरून टाकायचं आणि ते थेट सावलीत पडायचं. आजही नवं घर बांधताना कंपाउंडच्या भिंतीत तशी फट ठेवून पेटी आतल्या बाजूला घेता येते. पण उघड्यावर साध्या प्लायची पेटी लावली तर पहिल्या पावसाळ्यात फुगते आणि दुसऱ्यापर्यंत वाळवी लागते. तिथे पत्राच बरा.

उंची चार फुटांच्या आसपास ठेवली तर मोटारसायकलवरून न उतरता टपाल टाकता येतं, आणि जमिनीची धगही लागत नाही. तोंडाची रुंदी अशी हवी की दिवाळी अंक न दुमडता जाईल. नाव आणि पिनकोड पेटीवर ठळक लिहावेत. एकाच आडनावाची आठ घरं असलेल्या वस्तीत नुसतं आडनाव लिहून भागत नाही, वडिलांचं नावही लिहावं.

मेणबत्तीची परीक्षा

पेटी आधीच लागलेली असेल आणि ती काढावी की ठेवावी हे ठरत नसेल तर घरच्या घरी तपासता येतं. मे महिन्यातल्या एखाद्या स्वच्छ दिवशी सकाळी अकराला बशीत घरातल्या साध्या पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा आणि शेजारी एक जुनी, कामाची नसलेली थर्मल पावती पेटीत ठेवावी. सहा वाजता उघडावं. साधं मेण पन्नास ते साठ अंशांच्या दरम्यान मऊ पडून वितळू लागतं. तुकडा वाकला किंवा पसरला तर पेटी तेवढी तापली हे नक्की, आणि औषधं तिच्यात कधीच ठेवू नयेत. पावतीही काळवंडली असेल तर पेटी हलवायलाच हवी. मेण जसंच्या तसं असेल तर पेटीला हात लावायची गरज नाही. मात्र ही परीक्षा ढगाळ दिवशी करून समाधान मानू नये.

पुण्यातल्या अपार्टमेंटमध्ये पेट्या बहुधा पार्किंगमध्ये, जिन्याजवळ ओळीने लावलेल्या असतात. तिथे उन्हाचा प्रश्न जवळपास येत नाही. तिथली अडचण वेगळी : जुन्या भाडेकरूंची नावं, तुटलेली कुलपं आणि महिनोन्‌महिने न उघडलेल्या पेट्या. गावाकडचं घर बंद ठेवणाऱ्यांनी मात्र पेटीची दुसरी किल्ली शेजारी किंवा भावकीतल्या एखाद्याकडे द्यावी आणि आठवड्यातून दोनदा पेटी बघायला सांगावी. सूचना चिठ्ठीची मुदत लक्षात घेता पंधरा दिवसांतून एकदा पाहणं पुरत नाही. त्याने चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर पाठवला की काम झालं. नाहीतर बँक, विमा आणि सोसायटीकडे पुण्याचा पत्ता पत्रव्यवहारासाठी नोंदवून घ्यावा. फेरफाराच्या नोटिशीसाठी तलाठी कार्यालयातही पुण्याचा पत्ता आणि मोबाइल नंबर देऊन ठेवलेला बरा.

गावातली लाल पेटी

पोस्टाची लाल पेटी अनेक गावांत ग्रामपंचायतीच्या भिंतीला किंवा पारावरच्या झाडाला टांगलेली असते. शहरातल्या जुन्या ओतीव लोखंडी पेट्या जाड असल्याने हळू तापतात, या पातळ पत्र्याच्या पेट्या लगेच तापतात. पण इथे पत्र आठवडाभर पडून राहत नाही. पेटीवर लिहिलेल्या वेळेला ती उघडून टपाल काढलं जातं, फार तर सुट्टीमुळे एखादा दिवस जादा. त्यामुळे उन्हाचा धोका घरच्या पेटीपेक्षा कमी. तरीही पेटी पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर असेल, झाड तोडल्यामुळे उघडी पडली असेल किंवा रस्ता रुंदीकरणात ट्रकच्या वाटेवर आली असेल तर ती गावकऱ्यांनी स्वतः हलवायची नसते. ती टपाल खात्याची मालमत्ता आहे. आपल्या शाखा डाकघरात किंवा उपविभागीय डाक निरीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा, सुचवलेली नवी जागा स्पष्ट लिहावी आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हवी असेल तर पंचायतीची संमती जोडावी. अर्जासोबत जुन्या आणि नव्या जागेचे दुपारी तीन वाजता काढलेले दोन फोटो लावले तर सावली कुठे आहे हे सांगत बसावं लागत नाही.